मिरजेचा कारभारी आणि आपल्या पावत्या

(वाडीवरच्या अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेलं भाषण. टेप नव्हता. दुसऱ्या दिवशी आठवून लिहून काढलं. मधे लोकांनी विचारलं त्यातलं जेवढं आठवलं तेवढं घातलं आहे.)



मला सांगितलं होतं की जमिनीच्या कायद्यावर बोल. पण कायद्यावर काल वकीलताई बोलून गेल्या. त्यांच्यापुढं मी काय बोलणार? माझी शाळा बारावीपर्यंतची, तीसुद्धा आश्रमशाळेतली. म्हणून मी आज मिरजेची गोष्ट सांगणार आहे, दोनशे वर्षांपूर्वीची. तुम्ही म्हणाल, दळीची मोजणी तोंडावर आली आणि हा पोरगा मिरजेला कुठं चालला? थोडा दम धरा. फिरून वाडीवरच यायचं आहे.

मिरजेला मी कसा गेलो ते पुष्कळांना ठाऊक आहे. माझा थोरला भाऊ टोळीबरोबर कोळशाच्या भट्टीवर गेला होता, मिरजेच्याही पुढं, कर्नाटकाच्या बाजूला. तिथं तो उंचावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. मुकादमानं त्याला मिरजेच्या दवाखान्यात टाकलं आणि मुकादम निघून गेला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. आणि सतारीचं. एका गल्लीत ओळीनं दुकानं आहेत, भोपळे टांगलेले, तारा लावत बसलेले लोक. भावाजवळ कुणीतरी राहायला पाहिजे म्हणून मी गेलो, ते दोन महिने तिथंच राहिलो. सकाळी भाकरी-डबा झाला की दुपारभर मला काम नसायचं. दवाखान्यातल्या एका आजारी गुरुजींच्या मुलानं मला वाचनालय दाखवलं. गुरुजी इतिहास शिकवायचे. पडल्या पडल्या ते मला सांगायचे, मी पुस्तक आणायचो, अडलं की त्यांना विचारायचो.

तिथं मी वासुदेवशास्त्री खऱ्यांची पुस्तकं पाहिली. हे खरे मिरजेच्या शाळेत मास्तर होते. पटवर्धन सरदारांच्या घरात जुन्या कागदांचे रुमाल पडून होते, वाळवी खात होती. या माणसानं ते कागद वाचून, नक्कल करून १८९७ सालापासून छापायला घेतले. मरेपर्यंत तेच काम केलं. ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ नाव. जाड जाड भाग आहेत. मोडीतल्या पत्रांची भाषा मला निम्मी कळली नाही हे खरं आहे. लढाईच्या बातम्याच जास्त. पण लढाईवर गेलेल्या माणसाचं घर, गाव, वसुली कोण बघत होतं, हे मी गुरुजींना विचारलं. आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

आता ऐका. पटवर्धन मूळचे आपल्याच कोकणातले, रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे. हरिभट नावाचा भिक्षुक इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे उपाध्या म्हणून गेला. त्याचे मुलगे तलवारीवर मोठे झाले. १७६१ साली गोविंद हरि यांच्याकडं मिरजेचा किल्ला आणि ठाणं आलं. त्यानंतर थोरल्या माधवराव पेशव्यानं या घराण्याला मोठा सरंजाम लावून दिला. सरंजाम म्हणजे काय? तू एवढे हजार घोडेस्वार ठेव, मी बोलावीन तेव्हा लढायला ये, आणि त्या खर्चासाठी ही ही गावं तुला तोडून दिली. जमीन दिली असं नाही, गावाचा वसूल दिला. शेत कसणारा तिथंच. त्याला फक्त कळायचं की आता पोतं दुसऱ्याच्या दारात टाकायचं आहे.

सरदार घरी किती दिवस असायचा? दसऱ्याला स्वारी निघायची ती पावसाच्या तोंडाला परत. कधी हैदरावर, कधी टिपूवर, कधी निजामावर. म्हणजे सुगी, वसुली, गावातली भांडणं, विहिरीचा वाद, वतनाचा वाद, सगळं होतं तेव्हा मालक घरात नाही. मग घरात कोण? कारभारी. आणि त्याच्या हाताखाली कमाविसदार, कारकून, शिपाई. गावात पाटील आणि कुलकर्णी. शेतकऱ्याला सरदाराचं तोंड जन्मात दिसत नसेल, कारभाऱ्याच्या शिपायाचं मात्र दर हप्त्याला दिसायचं.

(इथं सोनीआजीनं विचारलं, मग त्या राजाला कळायचं कसं, गावात काय चाललं ते?)

आजी, हाच प्रश्न आहे. त्याला कागदावरून कळायचं. आणि कागद कोण लिहायचा? ज्याची तक्रार करायची तोच.

हा कारभारी काय काय करायचा ते जरा बघू, कारण त्यात गंमत आहे. पहिलं, जमाबंदी. यंदा गावानं किती द्यायचं हे ठरवायचं. पाटील म्हणायचा पीक बुडालं, कमाविसदार म्हणायचा एवढं नाही बुडालं. घासाघीस करून आकडा ठरायचा. मग गावच्या आत तो आकडा कुणावर किती, हे कुलकर्णी लिहायचा. पडीक जमीन उठवायची असली तर इस्ताव्याचा कौल द्यायचा. म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा, दुसऱ्या वर्षी जरा जास्त, असं वाढत वाढत काही वर्षांनी पुरा. बैल-बियाण्याला तगाई द्यायची. दुष्काळ पडला तर सूट द्यायची, नाहीतर तहकूब करायचं, म्हणजे यंदाचं पुढच्या वर्षावर ढकलायचं. हे सगळं कारभाऱ्याच्या लेखणीत.

दुसरं, वसूल. हप्ता चुकला की शिपाई येऊन दारात बसायचा. त्याला म्हणायचे मोहसल बसवला. तो बसलाय तोवर त्याचं खाणं घरवाल्यानं घालायचं. आणि बोलावणं घेऊन जो शिपाई आला त्याच्या चालण्याची मजुरीही ज्याला बोलावलं त्यानंच द्यायची. त्या पैशाला नाव काय होतं माहिती आहे? मसाला! (लोक हसले.) हसू नका. तुमच्या-माझ्याकडून गाडीभाडं, चहापाणी, स्टँपाचे म्हणून जे जातं त्याला आपण अजून नाव ठेवलेलं नाही, त्यांनी ठेवलं होतं एवढाच फरक.

तिसरं, न्याय. गावातला वाद गावच्या गोतसभेत बसायचा, पण पंच बसवायला हुकूम लागायचा, निकाल झाला की जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घ्यायची. दोन्हीकडून पैसे सरकारात. ते जमा करणारा परत कारभाऱ्याचाच माणूस.

म्हणजे बघा, वसूल तोच ठरवतो, तोच घेतो, सूट तोच देतो, भांडण झालं तर पंचही तोच बसवतो. आणि वर मालकाला पत्र तोच लिहितो.

मी गुरुजींना म्हणालो, मग हे सगळे चोर होते म्हणायचे. गुरुजी उठून बसले. म्हणाले, असं सोपं बोलू नकोस. त्या वेळच्या माणसांनाही हे कळत होतं. म्हणून पेशव्यांच्या राज्यात मामलेदाराच्या कचेरीत दरकदार असायचे. दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस, असे आठ. प्रत्येकाचं काम वेगळं. पैसा एकाकडं, पैशाचा हिशेब दुसऱ्याकडं, हिशेब तपासायचं काम तिसऱ्याकडं. कागदावर एकाची सही झाली तरी दुसऱ्याची खूण झाल्याशिवाय तो चालायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना मामलेदार काढू शकत नव्हता. नेमणूक वरून. मोठ्या सरदारांच्या पदरीसुद्धा सरकारचे असे माणूस नेमलेले असायचे. चोराच्या हातात तिजोरी दिली तर किल्ली शेजाऱ्याकडं ठेवायची, तसं.

हे मला आवडलं. पण पूर्ण पटलं नाही. कारण आठ जण आणि आठांना एकच मसाला चालत असेल तर काय? आणि होतंच तसं. वरच्या दरबारातल्या माणसांना जे गुपचूप द्यावं लागायचं त्याला म्हणायचे अंतस्थ. दरबारखर्च पण म्हणायचे. हिशेबात ते उघड दिसायचं नाही. मामलेदारानं द्यायचं आणि मामलेदारानं ते गावावर कुठल्यातरी पट्टीत घालून काढायचं. पाटील-कुलकर्णी मिळून गावखर्चात लिहायचे, त्यात आपलाही थोडा हात मारायचे. गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, होय, तेही खरं.

तरी जुन्या वेळी एक लगाम होता तो सांगतो, कारण तो आपल्याला लागू आहे आणि नाहीपण. त्या वेळी जमीन भरपूर होती आणि कसणारे हात कमी. फार जुलूम झाला की गावच्या गाव उठून दुसऱ्याच्या हद्दीत जायचं. मिरजेच्या चहूबाजूला वेगवेगळे मालक, कोल्हापूरकर आहेत, घोरपडे आहेत, दोन दिवस चाललं की दुसऱ्याचं राज्य. गाव ओस पडलं तर वसूल कुठून आणणार? मग कारभाऱ्याला माणूस पाठवून कौल द्यावा लागायचा, की परत या, जुनं माफ, यंदा एवढंच घेऊ. म्हणजे उठून जाणं हा त्यांचा संप होता. आणि जो मिरासदार होता, पिढीजात जमिनीचा, तो कित्येक वर्षांनी परत आला तरी त्याची मिरास मोडत नव्हती. मधल्या काळात दुसऱ्या कुणी कसली असली तरी मूळ धनी आला की त्याची त्याला.

आपलं कसं आहे? आपण पण उठून जातो. दिवाळी झाली की भट्टीवर. पण आपण गेलो म्हणून कुणाचं काही अडत नाही. कौल घेऊन कुणी मागं येत नाही, येतो तो मुकादम, उचल घेऊन. आणि जेठ महिन्यात परत येऊन बघावं तर दळीच्या प्लॉटवर सागाची रोपं उभी. सहा महिन्यांत आपली मिरास मोडते.

(चंदरमामा म्हणाले, आपली मिरास होती तरी कधी? यावर मी पुढं बोललो.)

नंतर काय झालं ते थोडक्यात. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी वसुलीचा मक्ता सुरू झाला, इजारा. जो जास्त बोली करील त्याला मामला. त्यानं तो तुकडे करून पुढं विकायचा, त्यानं आणखी पुढं. खालच्या माणसाला ठाऊक नाही की पुढच्या वर्षी आपण असू का नसू, म्हणून तो यंदाच गाय पिळून घेणार. आधी मामलेदार वर्षाच्या सुरवातीला सरकारात काही रक्कम आगाऊ भरायचा, तिला रसद म्हणत, तीही सावकाराकडून व्याजानं आणून. पण तो पुढच्या वर्षी तिथंच असणार म्हणून जरा जपून वागायचा. मक्तेदाराला जपायचं कारणच उरलं नाही. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन साहेबानं १८१९ साली सगळ्याचा अहवाल लिहिला, त्यात त्यानं हे लिहून ठेवलं आहे. साहेब काही आपला मामा नव्हता. त्याचं पुढं जे राज्य आलं त्यानं १८७८ साली जंगलाचा कायदा करून आपल्याला आपल्याच रानात चोर केलं. पण इजाऱ्याबद्दल त्यानं लिहिलं ते बरोबर लिहिलं.

आता गोष्टीतली खरी गोष्ट. कारभारी रयतेला बुडवतो हे तुम्हाला नवीन नाही. पण मालकाला पण बुडवतो! मिरजेतच झालं. गोविंद हरि १७७१ साली वारले. त्याच वर्षी त्यांचा कर्ता मुलगा गोपाळराव गेला. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तिसरे पांडुरंगराव हैदर अलीच्या कैदेत पडले आणि कैदेतच वारले. पुढं सरंजाम आला पांडुरंगरावांच्या मुलाकडं, चिंतामणराव, लहान मूल. मूल लहान म्हणून कारभार बघायला चुलते गंगाधरराव. पोरगं मोठं झालं. म्हणालं, काका, माझं मला द्या. काका देईनात. किल्ला काकांच्या हातात, दप्तर काकांच्या हातात. भांडण विकोपाला गेलं आणि शेवटी वाटण्या झाल्या. मिरज काकांकडं राहिली. मूळ मालकाला मिरज सोडून १८०१ च्या सुमारास सांगलीला जावं लागलं. घरातला गणपती उचलून नेला असं सांगतात. सांगली त्या वेळी लहान गाव होतं. आज सांगलीला जे गणपतीचं मोठं देऊळ आहे ते त्याच चिंतामणरावांचं. जिल्ह्याचं नाव आज सांगली आहे, मिरज तालुका आहे, त्याच्या मुळाशी हे काका-पुतण्याचं भांडण आहे. (पुढं १८२० साली मिरजेच्याही वाटण्या झाल्या आणि थोरली पाती, धाकटी पाती झाली. १९४८ साली ही संस्थानं मोडली.)

मी हे वाचलं तेव्हा भाऊ पायाला वजन लावून पडला होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे सरदाराच्या पोराचंही आपल्यासारखंच झालं की. मी म्हणालो, तुझी वही कुठं आहे? म्हणजे भट्टीच्या हिशेबाची. म्हणाला, मुकादमाकडं. उचल किती, खर्ची किती घेतली, किती पोती भरली, सगळं मुकादमाच्या वहीत. भावाला स्वतःची पोती पाठ होती, पण वही मुकादमाची. पुढं हिशेब झाला तेव्हा दवाखान्याचा खर्च धरून भावाकडंच बाकी निघाली. ती बाकी वहिनीनं पुढच्या साली फेडली. मुकादमाचं नाव मी घेत नाही, आपल्यात बसणारे त्याचे नातेवाईक आहेत.

गुरुजींनी मला एक साहेबाच्या देशातलं पण सांगितलं. तिकडं पण त्याच शंभर वर्षांत मोठे जमीनदार लंडनला राहायचे आणि गावाला त्यांचा कारभारी. खंड तोच घ्यायचा, आणि गावच्या जमीनदारी कोर्टात न्यायाला पण तोच बसायचा. गरीब माणसाचं पोट गावच्या मोकळ्या रानावर. गाय चारायची, सरपण आणायचं, गवत कापायचं. मग पार्लमेंटात एकेका गावाचा कायदा करून ती मोकळी रानं कुंपणात घालायला लागले. असे सुमारे चार हजार कायदे झाले. नोटीस चर्चच्या दाराला चिकटवायचे. ज्याला वाचता येत नाही त्याला ते झाडावरच्या मुंगीसारखं. मोजणीवाले आले, विचारलं, तुझा हक्क कागदावर दाखव. माणूस म्हणाला, माझा बाप आणि आजा इथंच गाय चारत होता. बाप-आजा कागद नाही, असं म्हणाले. गाय गेली, सरपण गेलं. आणि राजाच्या राखीव रानात तोंडाला काळं फासून हरणं मारणाऱ्यांसाठी १७२३ साली कायदा केला, त्यात फाशी होती. शंभर वर्षं चालला तो. हे ऐकून मला गंमत वाटली, म्हणजे गंमत नाही, पण गोऱ्या माणसाला पण गोऱ्या माणसानं रानातून हाकललं हे मला माहीत नव्हतं. आपल्याला शाळेत शिकवतात की साहेबानं रेल्वे आणली.

त्यात एक गोष्ट मी पाठ करून ठेवली आहे. तिकडं काही कुळं अशी होती की जमीन त्यांच्या नावावर चढली की त्या कोर्टाच्या दप्तरातल्या नोंदीची एक नक्कल कुळाच्या हातात द्यायचे. मूळ दप्तर कारभाऱ्याकडं, नक्कल कुळाच्या पेटीत. त्या कुळाचं नावच नकलेवरून पडलं होतं. कुंपणं घातली तेव्हा ज्याच्या पेटीत नक्कल होती त्याला काहीतरी तुकडा मिळाला. ज्याच्या पेटीत काही नव्हतं त्या पुष्कळांना काही मिळालं नाही.

आपल्याकडं पण एक चांगली रीत होती, ती सांगतो. जुन्या काळी गावात वतनाचा, जमिनीचा निकाल झाला की महजर करायचे. सगळी गोत बसवून, सगळ्यांसमक्ष, बोलून, वाचून. आणि खाली प्रत्येकानं आपली निशाणी काढायची. पाटलाचा नांगर. सुताराची पटाशी. कुंभाराचं चाक. न्हाव्याचा आरसा. परटाची मोगरी. महाराची दोरी. लिहिता येत नाही म्हणून कुणाला बाहेर ठेवलं नाही, त्याचं हत्यार काढून घेतलं कागदावर. मला ते चित्र फार आवडलं, मी वहीत काढून आणलं आहे, उद्या शाळेच्या भिंतीला लावू.

पण मी त्यात कातकऱ्याची निशाणी शोधली. रामोशी भेटले, बेरड भेटले, गाव आणि किल्ला राखायला ते होते. मी वाचलेल्या पानांत कातकरी मला भेटला नाही. चंदरमामा, तुम्ही विचारलं की आपली मिरास होती तरी कधी, तर त्याचं उत्तर हे. आपण रानात होतो, काथ काढत होतो, वरी-नाचणी टाकत होतो, पण गोतात बसायला जागा नव्हती, म्हणून कागदावर पण नाही. पहिल्यांदा आपण कागदावर आलो ते दळीच्या पुस्तकात. तेही कसे? वाडी सगळी कसते, पण पुस्तक एका नाईकाच्या नावावर. पैसे गोळा करून नाईकानं भरायचे आणि पावती आणायची. म्हणजे आपल्याला पण आपला एक कारभारी करून दिला. आपले नाईक चांगले निघाले म्हणून ठीक. शेजारच्या एका वाडीत नाईकाचा मुलगा आता म्हणतो की पुस्तकावर माझ्या बापाचं नाव, तुम्ही सगळे माझी कुळं.

आता मी वाडीवर आलो.

दिवाळीनंतर दळीची मोजणी लागणार आहे असं आपल्याला सांगितलं आहे. बाजारपेठेतले एक गृहस्थ गेल्या महिन्यात वाडीवर आले होते. त्यांचं म्हणणं, सगळ्यांनी जुन्या पावत्या आणि पुस्तक माझ्याकडं जमा करा, घरटी काही पैसे द्या, मी कचेरीत सगळं करून घेतो. अकरा घरांनी पावत्या दिल्या. त्यांतलं एक घर माझं आहे. माझ्या बापानं दिल्या. बाबा समोर बसले आहेत, मी त्यांच्या देखत बोलतोय, त्यांना राग आला तर घरी बोलतील.

ते गृहस्थ लबाड आहेत असं मी म्हणत नाही. वाडीतल्या तीन विधवा बायांचं रेशनकार्ड त्यांनी करून दिलं, आमच्या संघटनेनं नाही दिलं, हे कबूल केलं पाहिजे. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेतात. कारभारी उपयोगी असतो म्हणूनच तर त्याच्या हातात कागद जातो. मिरजेचे गंगाधरराव पण लहान पोराचा सरंजाम सांभाळायलाच बसले होते, पहिल्या दिवशी कुणी किल्ला घ्यायला बसत नाही. माझं म्हणणं माणसाबद्दल नाही. मूळ पावती एकाच्या पिशवीत, ती किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही, कुणाला पोच मिळालेली नाही, आणि उद्या तो आजारी पडला किंवा मेला किंवा दुसऱ्या पार्टीत गेला तर आपण कुणाच्या दारात जाणार?

(बाबा म्हणाले, अरे पण आपल्याला वाचता येत नाही, घरात ठेवून काय करायचं? उंदीर खातात.)

बाबा, ते खरं आहे. घरात ठेवून उंदीर खातात, आणि माझ्या आईनं एकदा पावतीत तंबाखू बांधली होती ते मला आठवतं. म्हणून नुसतं घरात ठेवा असं मी म्हणत नाही. मिरजेच्या दरकदारांसारखं करू. मूळ पावत्या पत्र्याच्या पेटीत, पेटी एका घरात, किल्ली दुसऱ्या घरात. यादी तिसऱ्याकडं, आणि ती यादी दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचायची, नावासकट, सालासकट. झेरॉक्स ज्याच्या त्याच्या घरी. कचेरीत जायचं तर नक्कल जाईल, मूळ दाखवायला वाडीतली दोघं तरी बरोबर जातील आणि संध्याकाळी परत आणतील. ते बाजारपेठेतले गृहस्थ मदत करणार असतील तर जरूर करू द्या, त्यांच्या गाडीभाड्याचे पैसे देऊ, पण लिहून देऊ. मसाला किती दिला ते वहीत आलं पाहिजे.

किल्ली बाईच्या हातात असावी असं मला वाटतं. यावर वाद होईल, बैठकीत करू.

आणि पुस्तकावर नाईकाचं एकट्याचं नाव आहे त्याचा आपण महजर करायचा. सगळी वाडी बसेल, कोण कुठला तुकडा कसतो, हद्द कुठं, कुठलं झाड, कुठला दगड, बापाच्या वेळेपासून का आजाच्या, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. नाईकमामा तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. मी लिहीन, ताई तपासतील, मग परत वाचून दाखवू, चूक असेल तर तिथंच बोला. खाली अंगठा येईलच, कायद्याला तो लागतो. पण अंगठ्याच्या शेजारी निशाणी पण काढू. काय काढायची ते तुम्ही ठरवा. काल पोरांना विचारलं तर कुणी कोयता म्हणालं, कुणी गलोल म्हणालं, एक पोरगी खेकडा म्हणाली.

अकरा घरांच्या पावत्या परत मागायला परवा सकाळी जायचं आहे. बाबा येणार आहेत. भांडायला जायचं नाही. किती दिल्या, कुठल्या सालाच्या, ते प्रत्येकानं आठवून आज रात्री मला सांगा, मी लिहून घेतो, म्हणजे परत मोजून घेता येतील. बाकीच्यांनी बुधवारी आपल्या पावत्या घेऊन समाजमंदिरात या. ज्यांच्या भिजल्या आहेत त्यांनी भिजल्या तशाच आणा, चुलीजवळ सुकवायला ठेवू नका, शाई जाते. फाटक्याही आणा, तंबाखू बांधलेली पण आणा.